निराधार असल्याचा दाखला

जिनिंगमध्ये रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, कापूस लावताना माझा उजवा हात गेला, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या रोहण्याहून आम्ही सात-आठ बाया हंगामात त्या जिनिंगवर जायचो. दुखण्याबद्दल मी फार लिहिणार नाही. वर्ध्याच्या दवाखान्यात दीड महिना होते, कोपराखालचं सगळं काढून टाकलं, जखम भरली. ते यंत्रानं केलं, आणि यंत्रावर किती दिवस रागावणार? माझा राग त्यानंतरच्या वर्षांवर आहे. तो अजून गेलेला नाही आणि जावा असंही मला वाटत नाही.

जिनिंगवाल्यांनी हात वर केले. हजेरीच्या रजिस्टरात माझं नावच नव्हतं. तुम्ही मुकादमाच्या बाया, म्हणाले. मुकादम म्हणाला, मी तर फक्त माणसं आणून देतो. त्या दोघांच्या मध्ये माझा हात कुणाचाच नव्हता.

घरी मी आणि माझी सासू, दोघीच. नवरा त्याआधीच नागपूरला रिक्षा चालवायला गेला होता आणि तिथेच त्यानं दुसरं घर केलं होतं. सासूला मी आत्याबाई म्हणायची. साठी ओलांडलेली बाई, दिवसभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची आणि संध्याकाळी येऊन माझी वेणी घालायची. सुरुवातीचे काही महिने तिनं मला लेकरासारखं धुतलं-पुसलं. मग मला त्याची लाज वाटू लागली आणि मी शिकायला घेतलं. डाव्या हातानं झाडणं. गुडघ्यात परात धरून पीठ मळणं. निऱ्या दातात धरून लुगडं नेसणं. भाकर थापायला सगळ्यात वेळ लागला. पहिल्या भाकरी गाईलाही दिल्या नसत्या. मी सातवीपर्यंत शिकलेली होते, म्हणून एक पाटी आणून डाव्या हातानं अक्षरंही गिरवली. माझं नाव मला पुन्हा लिहिता यायला दोन महिने लागले.

पण मजुरी कुणी देईना. एका हाताच्या बाईला निंदायला कोण लावणार? कापूस वेचायला गेले तर शेतमालक म्हणाला, "तू बस बाई सावलीत, मले पाप नको लावू." आत्याबाईच्या एकटीच्या मजुरीवर दोन पोटं चालत होती.

मग ग्रामसेवकानं सांगितलं की सरकारनं निराधारांसाठी योजना काढली आहे, महिन्याला काही रक्कम मनिऑर्डरनं घरी येते. अर्जाला तलाठ्याचा दाखला आणि वर्ध्याच्या मोठ्या डॉक्टरचा दाखला जोडून आर्वीच्या तहसीलीत द्यायचा.

तलाठी ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मी उभी.

"नवरा जित्ता हाये ना तुया?"

"हाये. पण इथं नाई."

"मंग निराधार कशी? राशन कार्डावर त्याचं नाव हाये."

"सहा वर्षं झाले, त्यानं तोंड नाई दाखवलं."

"ते मले काय माईत? त्याच्या मायचं बयान आण. पाच जणासमोर लिहून दे म्हणा, का माया पोरगा बायकोले वागवत नाई म्हणून."

घरी येऊन हे मी आत्याबाईला कसं सांगितलं, ते मलाच माहीत. तिनं ऐकलं आणि चुलीत लाकूड सारत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं आणि माझ्या आधी चावडीवर जाऊन बसली. पाच माणसं जमली होती. त्यातली काही तिच्या पोराबरोबर खेळलेली. तलाठ्यानं पेन काढलं.

"सांग बुढे, काय लिहू?"

"लिहा," आत्याबाई म्हणाली, "का माया पोरगा नालायक निंगाला."

"असं नाई लिहिता येत. वागवत नाई, एवढं सांग."

"वागवत नाई. मलेही वागवत नाई. तेही लिहा."

"तुयाबद्दल नाई विचारलं."

तिनं अंगठा दिला.  घरी येऊन शाईचा अंगठा तिनं तीनदा मातीनं घासून धुतला. आपल्या हातानं आपल्या पोराचं नाव गावासमोर खाली करायला लावलं त्या बाईला, आणि कशासाठी? मला हात नाही हे सरकारला पटावं म्हणून. हात नाही हे तर आंधळ्यालाही कळलं असतं.

डॉक्टरच्या दाखल्यासाठी छोट्या रेल्वेनं पुलगाव, तिथून वर्धा. तीन खेपा झाल्या. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा शिक्का असलेला बाबू रजेवर. तिसऱ्यांदा डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, "काय होतंय?" मी पदर बाजूला केला. त्यानं थोटा हात दाबून पाहिला, काहीतरी टक्के लिहिले आणि खाली शिक्का मारला. बाहेर येऊन मी वाचलं. दाखला एका वर्षापुरता होता.

मी परत आत गेले. "साहेब, एक वर्षच काऊन?"

"नियम आहे. पुढच्या वर्षी पुन्हा तपासावं लागेल."

"पुढच्या वर्षी हात येते का?"

त्यानं शिपायाला खूण केली. मला बाहेर काढलं.

आर्वीच्या तहसीलीत अर्ज घेणाऱ्या बाबूनं कागद उलटेपालटे करून पाहिले आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. मी डावा अंगठा पुढे केला.

"उजवा. बायांचा उजवा लागते. डावा माणसाईचा."

मला वाटलं तो थट्टा करतोय. नाही. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"उजवा नाई बाबू. त्याचाच तं अर्ज हाये."

"मंग मी काय करू? वरतून कागद वापस येईन."

"मले सही येते," मी म्हटलं.

पेन घेतलं आणि सही केली. हळूच केली, पण एक अक्षर वाकडं जाऊ दिलं नाही. मागं रांग थांबली होती. बाबू सहीकडे बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "वा! लिहिता येते तं मंग अर्ज कायले करून राह्यली? कुठं लिहाचं काम पाह्य ना." रांगेतले दोघे-तिघे हसले. त्यांच्यातही एक कुबड्यांवरचा होता. त्याच्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

दोन-तीन महिन्यांनी चौकशीला तलाठ्याच्या वरचा सर्कल इन्स्पेक्टर गावात येणार, असा निरोप आला. आत्याबाई म्हणाली, "तो येईन तवा तू निजून राहय. काई करू नको."

मी ऐकलं नाही. तो आला तेव्हा मी चुलीपुढे होते. भाकर थापत होते. लपवावं असं मला काही वाटलंच नाही. उलट मनात कुठेतरी होतं की पाहू दे याला, काय काय शिकले मी. त्यानं दारातूनच पाहिलं, वहीत लिहिलं, पाणीही न पिता गेला. पुढे तहसीलीतून अर्धा कागद आला: अर्जदार स्वतःची व घरची कामे करू शकते, सबब अर्ज नामंजूर.

"सांगतलं होतं तुले," आत्याबाई म्हणाली. "निजून राह्यली असती तं काय बिघडत होतं?"

"मी काऊन निजू? दोन वर्षं मेहनत केली म्या या हातावर!"

"मेहनतीचे पैसे देऊन राह्यले का ते? लाचारीचे देऊन राह्यले."

आम्ही दोघी त्या दिवशी खूप भांडलो. आयुष्यात तेवढं एकदाच.

मी तहसीलदाराला भेटायला गेले. दुपारपर्यंत बसवून ठेवलं, मग आत घेतलं. नामंजुरीचा कागद मी त्याच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, मी काम करू शकते, असं तुमच्या माणसानं लिहिलं. मंग द्या काम. तुमची कचेरी झाडतो मी, आजपासून."

"बाई, इथे जागा नाही."

"जिनिंगवर नाई, वावरात नाई, इथंबी नाई. मंग मी काम करू शकते म्हणजे कुठं?"

तो काही वाईट माणूस नव्हता. नामंजुरीचा कागद त्यानं माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाला, "असं करा, नव्यानं अर्ज करा." नव्यानं म्हणजे पुन्हा तलाठी, पुन्हा आत्याबाईचं बयान, पुन्हा वर्ध्याच्या खेपा, कारण तोवर डॉक्टरचं ते एक वर्षही संपलं होतं.

सगळं पुन्हा केलं. सर्कल इन्स्पेक्टर तोच होता. या वेळी आत्याबाईनं माझी वेणी सोडून केस विस्कटले, खाट ओट्यावर ओढली, गोधडी गळ्यापर्यंत घातली. सकाळचे दहा वाजले असतील. मी डोळे मिटून घेतले. तो खाटेजवळ उभा राहून आत्याबाईला विचारत होता, ही उठते का, जेवते का, अंघोळ कोण घालतं. आत्याबाई म्हणत होती, "मीच जी, सारं मीच." माझा डावा हात गोधडीखाली मुठीत आवळलेला होता. उठावं आणि त्याच्या हातातली वही हिसकून घ्यावी, असं वाटत होतं. मी हलले नाही. पूर्णतः असहाय, असं त्यानं लिहिलं. तीन महिन्यांत मंजुरी आली.

मनिऑर्डर घेऊन पोस्टमन आला, त्या दिवशी आत्याबाईनं गोड केलं. मी खाल्लं. त्या पैशानं घरात तेल आलं, मीठ आलं, पुढे आत्याबाई अंथरुणाला खिळली तेव्हा तिची औषधं आली. मी कृतघ्न नाही. पण ज्या सरकारनं मला ते दिलं, त्यानं आधी मला खाटेवर झोपवलं. धडधाकट मन घेऊन मेल्यासारखं पडायला लावलं, माझ्या सासूला खोटं बोलायला लावलं, आणि त्या खोट्यावरच शिक्का मारला. खरं सांगितलं होतं, ते नामंजूर झालं होतं.

दरवर्षी चौकशी यायची. दरवर्षी मी खाट ओट्यावर ओढायची, डाव्या हातानं, एकटीच.