त्याच्या नावावर

घरात जिला सगळे धाकटी म्हणत, ती शहरातल्या वाद्यवृंदाची निवेदिका होती. प्रत्येक रचनेआधी ती त्या रचनेच्या जन्माची गोष्ट सांगायची आणि लोक तिच्या गोष्टींवर जीव टाकायचे. या वेळच्या संथ रचनेमागे मात्र काहीच सापडेना. शेवटी तिने सरळ थाप मारली. संगीतकाराचं बाळ नाव ठेवण्याआधीच गेलं, बायको अर्धवट विणलेला स्वेटर उशाशी घेऊन झोपायची, तेव्हा त्याने हे लिहिलं. व्हायोलिनं सुरू होण्याआधीच सभागृहात रुमाल निघाले.

खरं तर ते बाळ तिच्या थोरल्या बहिणीचं होतं आणि स्वेटरही तिचाच. ताई कधी कार्यक्रमाला येत नसे. आज नेमकी आली होती.

मध्यंतरात ताईने तिला जिन्यापाशी गाठून तिचा हात घट्ट धरला. "अगं, मला वाटायचं, असा वेडेपणा मीच केला. त्याच्या बायकोनेही केला!"

धाकटी गप्प राहिली असती तर निभावलं असतं, पण तिला राहवेना. "ताई, ते तुझंच होतं गं. मी त्याच्या नावावर खपवलं."

ताईने हात सोडला.

"आज लोक रडले," ती म्हणाली. "माझ्या वेळी कुणी रडलं नव्हतं. तूसुद्धा आली नाहीस, परीक्षा होती म्हणून."

परीक्षा तेव्हा होऊन गेली होती, हे काही धाकटीच्या तोंडून निघालं नाही. घंटा झाली. मंचावर जाऊन तिने पुढच्या रचनेचं नुसतं नाव सांगितलं आणि ती मागे सरली.