झिपरू विचारायचा, सगळे जेवलात का?

काल मुरुडच्या घरात जुन्या टीव्हीचं लाकडी शटर सरकवलं आणि धुळीचा तोच कोंदट वास आला. लहानपणी दर रविवारी त्या पडद्यावर झिपरू नावाचा कापडी बाहुला यायचा. निघताना विचारायचा, "सगळे जेवलात का?" माझी धाकटी बहीण शकू भाकरीचा तुकडा काचेला लावून म्हणायची, "हाव, तू बी खा."

शकू तापात गेली. बऱ्याच दिवसांनी मी टीव्ही लावला. झिपरूने नेहमीसारखंच विचारलं. आई चुलीपासून उठून आली. काचेवर वाळलेला भाकरीचा कण पदराने पुसता पुसता थांबली.

"शकू न्हाई रं बाळा आता," ती त्याला म्हणाली.

भेटायला येणाऱ्यांशी तोवर माझे वडील, बापूच बोलायचे. आईच्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं, ते त्या बाहुल्यापाशी.