खोतांच्या अंगणात करकरत्या चपला

रोह्याजवळ ज्या खोतांची जमीन माझ्या आजोबांनी कसली, त्यांच्या नातवाने एकोणीसशे नव्वदनंतर त्या जुन्या घरात पाहुणे उतरवायला सुरुवात केली. चहा-नाश्त्यासकट खोली, ओटीवर झोपाळा आणि फाटकावर 'ऐतिहासिक घर' अशी पाटी. मला नुकतीच पेणला शाळेत नोकरी लागली होती. बाबांना तिथे एक रात्र पाहुणा म्हणून न्यायचंच, असं मी ठरवलं.

कारण एकच. त्या अंगणातून कुळांनी चपला घालून जायचं नाही, असा पूर्वी रिवाज होता. आजोबा फाटकाशी चपला काढून काखेत मारत आणि मागोमाग लहानगे बाबाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरे. म्हणून बाबांना मी पेणच्या बाजारातून नव्या कोल्हापुरी घेऊन दिल्या, चांगल्या करकर वाजणाऱ्या. त्या घालून बाबा अंगण ओलांडतील आणि मी मागून ऐकत जाईन, एवढाच माझा बेत.

फाटक आलं आणि बाबांनी चपला काढून आंब्याखाली ठेवल्या.

"बाबा, आपण पाहुणे आहोत!"

"व्हय गो, मला ठाव हाय. पायांना कोण सांगल?"

अनवाणीच ओटीवर जाऊन ते झोपाळ्याच्या कडेला जेमतेम टेकले. मला इतका राग आला की मी जेवताना चार घावणे जास्त खाल्ले. घरमालक, म्हणजे खोतांचा तो नातू, निवृत्त गुरुजी, अतिशय गोड माणूस, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

सकाळी चपला गायब. मी आधी कुत्र्यावर संशय घेतला, मग दूधवाल्यावर आणि शेवटी तीन पिढ्यांचा राग काढून खोतांवर. "आमचे हे पाव आणायला पुलापलीकडे अष्टमी गावात गेलेत," गुरुजींच्या बायकोने सांगितलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. गुरुजी लंगडत येत होते, अनवाणी. हातात पाव आणि काखेत बाबांच्या चपला.

"चष्मा घरी राहिला हो! माझ्याच समजून घातल्या. काय चावल्या! पुलापाशी काढल्याच शेवटी."

मला हसू आवरेना. बाबा मात्र हसले नाहीत. ताडकन उठून ते मोठ्याने म्हणाले, "गुरुजी, तसं नका चालू! या अंगणात चपला काखेत मारून कुणीच चालायचं नाय."

गुरुजी जागीच थांबले. मग त्यांनी चपला खाली ठेवल्या, नीट, जोडीने.

"नवं कातडं हाय, चालून मोकळं कराया लागतं," असं म्हणत बाबांनी त्या पायात सरकवल्या. करकर करत फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. घावणे निवले तरी त्यांना कुणी हाक मारली नाही.