वंदनाबाईच्या खिडक्या

शेवट ओळखून दाखवा, मी हरलो म्हणीन. आतापर्यंत कोणाले जमलं नाई. किस्से म्हंजे कपाशीच्या बोंडासारखे, एक उकललं का बाजूचं उकलते. हे सारे बोरी अरबचे, आमच्या कम्प्युटर क्लासचे.

कापसाचे भाव पडले, जिनिंग बंद झाली. मी तिथं नुसत्या नजरेनं कापूस पारखो. मंग क्लासचा वॉचमन झालो. वंदनाबाई तिथं गावातल्या बायायले शिकवे. कम्प्युटर सहा, सहाही म्हातारे, माह्यासारखे.

कम्प्युटरच्या काचावर खिडक्या उघडतेत ना, त्या कशा सरकन, कशा मिटन, हे ठरवणारा एक प्रोग्राम असते. लिनक्सवाला, फुकटचा. परदेशातले लोक बनवतेत, कोणीबी घेऊन बदलावा. नवा आमच्या कम्प्युटरायले पेलेना, म्हणून बाईनं थो बदलून आपला येगळा केला. पण तिकडून नवा आला का बाई आपले बदल त्यात पुन्हा शिवत बसे.

*

एकडाव बाई म्हणे, "आबा, पाहा बरं, बराबर दिसते काय?"

म्हटलं, "मले वाचता येत नाई वो बाई."

"म्हणूनच तं. आम्ही अक्षरं वाचतो, तुम्ही काठ पाह्यता."

पाह्यलं. "उजव्या काठाले मळ हाय." बाईनं दोन दिवस शोधलं. होता.

*

एक दिवस चुकून खिडक्या हळू मिटाले लागल्या. बंद करा तं हवेतल्या रुईसारख्या तरंगत खाली येत. दुपारची येळ, वर टिनाचं छत, अन् सहा काचांवर ढग उतरून राह्यले. बाया टायपिंग सोडून पाह्यत बसल्या.

"आबा, ही चूक आहे," बाई म्हणे.

"असू द्या. इथं घाई कोणाले हाय?"

तिनं राहू देली.

*

सापडलेल्या चुका बाई प्रोग्रामवाल्यायले कळवे, तं एकडाव परदेशातून त्यायचं पत्र आलं. तुमच्याकडं एवढ्या बारीक चुका कोण धरते, कोणती मशीन वापरता?

बाईनं लिहिलं, "उजवा डोळा. डाव्यात मोतीबिंदू आहे."

*

मले खोडी केल्याशिवाय करमत नाई. एका काचाले रुईचा एक तंतू चिकटवला अन् म्हटलं, "बाई, रेघ येऊन राह्यली." दोन तास बाई प्रोग्राममंधी रेघ शोधे. शेवटी क्लासातली सोनटक्केची सून उठली, फुंकर मारली, रेघ उडाली. बाया हासून हासून लोळल्या. बाई मले म्हणे, "आबा, तुमची पगारवाढ याच रेघेवर लटकवते."

*

आता आखरीचा.

बाईले नागपुरात नोकरी लागली. जागा तिच्यासाठी धरून ठेवलती. पण ती गेली तं शिवणार कोण? तिकडचा नवा आला का सहाही काच काळे पडले असते, अन् बारा बायायची परीक्षा होती. म्हणून तिनं आपले बदल परदेशात पाठवाचं ठरवलं. त्यायनं घेतले का त्यायचाच प्रोग्राम आमच्यावर चालन, मंग बाई मोकळी. घेण्याचा शेवटचा दिवस शुक्रवार.

सोमवारी तिनं खुर्ची सरकवली. "आबा, शेवटचं पाहून घ्या."

मी बसलो. खिडकी उघडली, सरकवली, मिटवली. तरंगत तरंगत खाली आली. पहिल्या वेचणीचा कापूस जसा, कुठं डागी कवडी नाई, कचरा नाई. लय येळ पाह्यत राह्यलो.

मंग म्हटलं, "डावा कोपरा थरथरून राह्यला."

बाईनं पिशवी खाली ठेवली. मंगळवारी इचारलं, "आता?"

"हाय थोडंसं."

बुधवारी, "आता?"

"कमी झालं. पण हाय."

गुरुवारी तिनं सारं उसवलं अन् पुन्हा शिवलं. शुक्रवारबी तसाच गेला.

शनिवारी बाया घरी गेल्यावर ती माह्याजवळ येऊन बसली. "आबा, खरंच थरथरत होतं काय?"

म्हटलं, "नाई."

तिनं एक खिडकी उघडली, मिटवली, खाली येईपर्यंत पाह्यली. मंग म्हणे, "चहा घेता काय?"

तिकडं बदल घ्याची पुढची येळ सहा महिन्यानं आली. तवरिक नागपूरची जागा दुसऱ्या बाईले भेटलती.