काउंटरखालची काडतुसं

काडतुसांच्या चोरीचं ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. नोकरीत याहून मोठी प्रकरणं हाताळली, पण निवृत्तीनंतर सकाळी निवांत चहा घेताना आठवतं ते हेच. कोणाचंही नाव लिहीत नाही. माझी मराठी शाळा चौथीत सुटली आणि वडिलांबरोबर आम्ही नागपूरहून टेक्सासला आलो, म्हणून जमेल तसं साधं लिहिते आहे.

प्लेनोच्या उत्तरेला एका लहान गावच्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होते. चोऱ्यांचा तपास माझ्याकडे असे. ठाणं छोटं होतं. सकाळी सार्जंट आदल्या दिवशीच्या तक्रारी वाचून दाखवायचा आणि कामं वाटायचा. कॉफी नेहमी करपलेली असायची. तपासातला माझा जोडीदार रोज तिला नावं ठेवायचा आणि रोज दोन कप प्यायचा. मी मुळात बुजरी, कमी बोलणारी. तो मला चिडवायचा, "तू चौकशीला बसलीस की समोरचा कंटाळूनच कबुली देतो." आता त्या कॉफीचा वाससुद्धा हवाहवासा वाटतो.

काडतुसांच्या टंचाईचा तो काळ होता. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या असत. पिस्तुलात चालणारी नऊ मिलिमीटरची काडतुसं, शेतावर साप-सशांसाठी लागणारी ट्वेंटी-टू, दोन्ही आल्या आल्या संपत. पण सगळ्यात जास्त ओरड थर्टी-थर्टीची होती. हे जुन्या शिकारी रायफलीचं काडतूस. आजोबांची रायफल नातवाकडे येते आणि हरणांच्या मोसमात तीच खांद्यावर घेऊन माणसं रानात जातात. तिच्यात दुसरं काडतूस चालत नाही. मोसम तोंडावर आलेला आणि काडतूस कुठेच नाही, त्यामुळे लोक चिडलेले होते.

अशात एका खेळ-शिकारीच्या दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला.

"थर्टी-थर्टीचं अख्खं खोकं चोरीला गेलंय. कॉम्प्युटरवर माल आल्याचं दिसतंय आणि फळीवर एक डबी नाही. लोक माझ्या अंगावर येतायत. आणि ऐका, चोर कॅमेऱ्यात सापडलाय."

आम्ही जाऊन चित्रण पाहिलं. काउंटरवर साठीची एक बाई, दुकानाचा लाल टी-शर्ट घातलेली, कपाळावर बारीक टिकली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि चार-पाच डब्या काउंटरखाली सारल्या. टिकली बघून मी ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं.

दुपारी तिला ठाण्यात बोलावलं. ती स्वतःच गाडी चालवत आली. सुरुवातीचे प्रश्न जोडीदाराने विचारले. ती प्रत्येकाला "आय डिड नॉट टेक" एवढंच म्हणे आणि मान खाली घालून बसे. शेवटी मी मराठीत म्हटलं, "काकू, पाणी आणू का?"

तिने झटकन वर पाहिलं. "अगं बाई, तू मराठी? मग मघापासून गप्प काय बसलीस!"

"काकू, हे सगळं रेकॉर्ड होतंय. तुम्हाला अटक केलेली नाही, तुम्ही केव्हाही उठून जाऊ शकता. वकील हवा असेल तर तसं सांगा."

"वकील कशाला? वकील आणला की माणूस चोरच वाटतो."

"तुम्ही काडतुसांच्या काउंटरवर कशा आलात?"

"मला फिशिंगच्या, गळ-दोऱ्यांच्या काउंटरला घेतलं होतं गं. मग इकडे कोणी टिकेना, म्हणून मला टाकलं. माझ्या घरात अंडं शिजत नाही, आणि दिवसभर हरणं मारायच्या गोळ्या विकते मी. मुलगी म्हणते, आई, दॅट्स सो कूल. कूल कसलं, कर्म!"

जोडीदाराने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"शाकाहारी आहेत," मी म्हटलं.

मग काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "हे बघ, माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे. तिथे विचारतात, कधी अरेस्ट झाली का. यजमान गेले. मुलगी इथे, नात इथे. मला परत पाठवलं तर तिकडे कोणाच्या दारात उभी राहू?"

मी बाहेर आले. सार्जंट दारातच होता. "कॅमेऱ्यात दिसतेय. आणखी काय पाहिजे? अटक कर, बाकीचं कोर्ट बघेल."

तो नियमाला धरूनच बोलत होता. पण काकूंची ती खाली घातलेली मान मी आधी कुठेतरी पाहिली होती. लहानपणी नागपूरला आईबरोबर मी रॉकेलच्या रांगेत उभी राहायची. "संपलं" म्हणताना दुकानदाराची मान अशीच खाली असे. रांग पांगली की तो ओळखीच्या बायकांना मागच्या दाराने बोलवायचा. तो रॉकेल घरी नेत नव्हता. बाजूला ठेवत होता.

मी परत आत गेले. "काकू, कोणाकोणासाठी बाजूला ठेवता?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावायला हात उचलला. पदर नव्हता, मग टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले.

"म्हातारे आहेत गं ते. एकाचे गुडघे गेलेत, एकाची बायको अंथरुणाला खिळलीय. तिला सोडून पहाटे रांगेत कसा उभा राहील? आला की पैसे घेते, पावती देते. फुकट एक डबी दिली नाही. पण मॅनेजरचा रूल आहे, पहिला येईल त्याला द्यायचं. रूल मोडला मी. थर्टी-थर्टी मात्र पाहिलीच नाही. खरंच नाही."

जोडीदार दुकानात जाऊन आला. काउंटरखाली डब्या होत्या, पण सगळ्या ट्वेंटी-टूच्या. चित्रणात कोणती डबी ते ओळखू येत नव्हतं. त्या थर्टी-थर्टीच्याच, असं मॅनेजरने रागाच्या भरात आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं. मग ते खोकं गेलं कुठे?

"उद्या सकाळी त्यांचा मालाचा ट्रक येतो," मी सार्जंटला म्हटलं. "माल कसा उतरतो ते बघू, तोवर थांबू या."

"उद्या दुपारपर्यंत," तो गुरगुरला. "बाई पळाली तर तू जबाबदार."

"तिला समोरच्या गाड्यांपुढून डावीकडे वळायची भीती वाटते," जोडीदार म्हणाला. "मी खिडकीतून पाहिलं, ठाण्यात येताना तीनदा उजवीकडे वळून आली. पळणार कशी?"

सकाळी आम्ही दुकानाच्या मागच्या दाराशी उभे राहिलो. ट्रकमधून माणसाच्या उंचीची, प्लॅस्टिकने गुंडाळलेली थप्पी उतरली. कामगाराने बाहेरच्या लेबलवर स्कॅनर धरला, पीं असा आवाज झाला. कॉम्प्युटरवर ऑर्डरमधला सगळा माल आल्याची नोंद झाली.

"आत काय आहे ते कोण बघतं?" मी विचारलं.

"कोणी नाही. फळीवर लावताना दिसतंच."

"आणि काही कमी निघालं तर?"

मॅनेजरने डोकं खाजवलं. "तर... चोरी झाली असं समजतो."

मी तिथूनच घाऊक गोदामात फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्याने हसला. "थर्टी-थर्टी? मॅडम, कारखान्याने यंदा ती बनवलेलीच नाही. लोक घाबरून घरं भरतायत, म्हणून सगळी मशिनं नऊ मिलिमीटरवर लावलीत. जुन्या काडतुसांची पाळी एरवी वर्षातून एकदा यायची, यंदा तीही आली नाही. ऑर्डर आमच्याकडे अडून आहे. लेबलवर मात्र पूर्ण ऑर्डर छापली जाते."

फोन स्पीकरवर होता. मॅनेजरचे कान लाल झाले. जे खोकं तयारच झालं नव्हतं, त्याच्या चोरीसाठी आम्ही एका बाईला अटक करणार होतो.

'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारून मी प्रकरण बंद केलं. नियम मोडला म्हणून मॅनेजरने काकूंना समज दिली आणि पुन्हा फिशिंगला पाठवलं. ते म्हातारे काही दिवस गळ आणि दोऱ्याच विकत घेत होते म्हणे, काकूंशी गप्पा मारता याव्यात म्हणून.

या प्रकरणाने मला शिकवलं की अपराध चेहऱ्यावर दिसतो, पण कोणता अपराध ते चेहरा सांगत नाही. काकू लहान चुकीने शरमल्या होत्या आणि आम्हाला मोठी चोरी दिसत होती. टंचाईत असं फार होतं. वस्तू मिळाली नाही की ती कोणीतरी दडवली असणार, असं माणसाला वाटतं. ती बनलीच नसेल हे सुचत नाही. आणि चुकीने अटक झालेला माणूस कोर्टात सुटला तरी अटक झाली होती, हे पुसता येत नाही. त्यानंतर दुकानातल्या चोरीसाठी कोणालाही अटक करण्याआधी मी माल उतरतो ती जागा स्वतः जाऊन बघत असे.

पुढच्या महिन्यात काकूंचा फोन आला. मागे गाड्यांचा आवाज होता, त्या इंटरव्ह्यूच्या ऑफिसबाहेर पार्किंग लॉटमध्येच असाव्यात.

"विचारलं गं त्यांनी, अरेस्ट झाली का म्हणून. मी 'नो' म्हटलं. एवढ्या मोठ्याने म्हटलं की तो ऑफिसर दचकला." मग त्या म्हणाल्या, "खोटं बोलावं लागलं नाही बघ."