दादांनी शिवलेली जाळी

निजामाच्या राज्यात आमच्या कॉलेजची बास्केटबॉलची टीम चॅम्पियन झाली, तेव्हा मी टीममध्ये होतो. (म्हंजे बाकावर. टॉवेल सांभाळून राह्यलो होतो.) उंची ताडासारखी म्हणून घेतलं, अन् चेंडू आला की डोळे मिटतो म्हणून बसवलं!

फायनल जालन्याला होती. अन् दादा, म्हंजे माझे वडील, कुंभार पिंपळगावहून अर्धी आळी बैलगाडीत घालून हजर!

"आमचा नाम्या कसा खेळतो, बघू द्या गावाला!"

आज एकदा तरी मैदानात पाय पडू दे, एवढंच मी देवाला मागत होतो.

खेळाला अजून वेळ होता. दादा मिशीला पीळ देत आले.

"नाम्या, एवढं मोठं कालेज, अन् खांबावरची जाळी बिनबुडाची? त्यात माल राहील कसा? गाडी खाली लावली अन् टाकली शिवून!"

दादांच्या पटक्यात दाभण अन् कमरेला सुतळी कायम असायची. बाजारला धान्याची पोती नेणारा माणूस; उघडं तोंड दिसलं की त्यांना राहवायचंच न्हाई.

"दादा! अहो, तिला बूड नसतंच!"

"गप रे! सुतळी संपली, न्हाईतर दुसरीबी शिवली असती."

तेवढ्यात शिट्टी झाली!

आमच्या कप्तानानं पहिलाच चेंडू झोकात टाकला. तो जाळीत गेला, अन् तिथंच राह्यला! काठीनं ढोसला, चपला फेकल्या. बिलकुल हलेना. पंच म्हणाले, "चेंडू निघाला न्हाई तर खेळ रद्द!"

आमचे सर माझ्यावर ओरडले, "अरे ओ लंबू! जल्दी जा!"

मी धावलो अन् कप्तानाच्या खांद्यावर चढलो. पण गाठ दादांची! नखं तुटली, गाठ सुटेना.

"दातानं तोड, दातानं!" दादा खालून ओरडले.

समद्या जालन्यासमोर मी जाळीला दातांनी लोंबकळलो. सुतळी कटकन तुटली. चेंडू माझ्या नाकावर, मी कप्तानावर, अन् कप्तान पंचांवर!

पुढं खेळ झाला, आम्ही जिंकलो. मी नाकाला टॉवेल लावून पुन्हा बाकावर.

दादा मात्र गावभर सांगत सुटले, "माझा नाम्या मैदानात येस्तोवर खेळ बंद पडल्ता!"

यात खोटं काहीच न्हाई. साऱ्या मोसमात एकच चेंडू माझ्या वाट्याला आला, अन् तो मी नाकानं झेलला!