व्हर्नाला विचारा

माझी वहिनी व्हर्ना हिला बर्फावरच्या हॉकीतलं काही कळत नाही, हे मी नणंदेच्या हक्काने सांगते. पक, म्हणजे ती रबरी चकती, कुठे आहे ते तिला अजून दिसत नाही. सगळे ओरडले की तीही ओरडते. तरी कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवानच्या गोठलेल्या रस्त्यांवरून क्लबांसाठी खेळाडू हेरत हिंडणारा एकेक स्काउट ड्राफ्टच्या, म्हणजे खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, आधी तिच्या स्वयंपाकघरात बसून बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, पेरोगी, खाऊन गेलेला आहे.

आमच्या ज्युनियर संघात खेळायला लांबून येणारी मुलं गावातल्या घरांत राहतात. माझा भाऊ गेल्यापासून व्हर्नाच्या तळघरात दर मोसमाला एक मुलगा असतोच. त्याचं जेवण, कपडे, शाळा, सर्दी, प्रेमभंग, सगळं तिच्याकडे. वर या बाईला खोटं बोलता येत नाही. एकदा तिने एका स्काउटला तिच्या लाडक्या मुलाबद्दल सांगितलं, "गुणी आहे हो, पण सकाळी उठवायला मला झाडू लागतो." त्यांनी त्याला घेतलं नाही. पुढे तो मुलगा उशिरा पोचण्यापायीच दोन संघांतून गेला. तेव्हापासून त्या लोकांचं ठरून गेलंय: बर्फावरचं आपण बघू, घरचं व्हर्नाला विचारा.

गेल्या मोसमात तिच्याकडे रीस होता. शेजारच्या मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेकडचा, सतरा वर्षांचा बचावपटू, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. बोलणं इतकं कमी की व्हर्ना म्हणायची, "याच्यापेक्षा माझा फ्रीज जास्त बोलतो." न सांगता माझ्याही दारातला बर्फ उपसून जायचा. मला तो फार आवडायचा, उगाच लपवत नाही.

मार्चमध्ये लॉर्न आला. निवृत्त पोलीस, आता एका मोठ्या क्लबचा स्काउट. मी तिथेच टेबलाशी पेरोगीच्या कडा दाबत बसले होते.

"पोरगं स्केटवर उलटं काय सरकतं, बघत राहावं," लॉर्न म्हणाला. "समोरच्याला आत शिरायला वाट देत नाही. पकही डोकं वर ठेवून काढून देतं. पण ख्रिसमसनंतर काहीतरी बिनसलंय. मैदानाच्या कठड्यापाशी धडक द्यायची वेळ आली की पाय आखडता घेतं. व्हर्ना, खरं सांग, घाबरतो का तो?"

कारण व्हर्नाला ठाऊक होतं. तिच्या स्वयंपाकघराच्या जमिनीत गरम हवेची जाळी आहे आणि तळघरातला शब्द न् शब्द तिच्यातून वर येतो. मुलांना हे माहीत नसतं. यावरून मी तिला बरंच ऐकवलंय. ख्रिसमसच्या आधी रीसच्या धडकेने ओवेन नावाच्या पाहुण्या संघातल्या एका खेळाडूचं खांद्याचं हाड मोडलं होतं. धडक नियमातलीच होती, पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. तरी रीस दर रविवारी त्या मुलाला फोन करायचा आणि फोन ठेवला की रडायचा.

आता काय बोलावं? गप्प बसली तर पोर भित्रं ठरणार, बोलली तर मऊ. मी टेबलाखालून तिला लाथ मारली.

"मार खायला नाही घाबरत तो," व्हर्ना म्हणाली. "मारायला घाबरतो." आणि तिने ओवेनचं सगळं सांगून टाकलं.

लॉर्न काट्याने बटाटा चिवडत राहिला. "बचावपटूसाठी हे वाईट गं."

"माणसासाठी चांगलंय."

"आमच्या साहेबाला बचावपटू हवाय," तो म्हणाला आणि कोट चढवून निघाला.

तो गेल्यावर मी तोंड सोडलं. "शपथ घातली होती का कुणी तुला? 'पोर दमलंय' म्हणाली असतीस तर जीभ झडली असती?"

"झडली नसती. पण मग पुढच्या मुलाबद्दल माझं कोण ऐकलं असतं?"

म्हणाली खरी, पण ड्राफ्टपर्यंत तिने त्या पोराला एवढं खाऊ घातलं की त्याची पँट बसेना.

त्याच्या वडिलांना खाणीतून रजा मिळाली नाही, म्हणून जूनमधला ड्राफ्ट रीसने व्हर्नाच्याच सोफ्यावर बसून पाहिला. क्लब आळीपाळीने मुलांची नावं घेत होते. पहिल्या दिवशी आम्हाला आशा नव्हतीच. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्यापेक्षा डावी मुलं एकामागून एक उचलली गेली आणि मी टीव्हीला शिव्या घालत बसले. शेवटची फेरी संपली. लॉर्नच्या क्लबनेही रीसचं नाव घेतलं नाही.

व्हर्नाने टीव्ही बंद केला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "रीस, माझ्यामुळे झालं हे. मी लॉर्नला ओवेनचं सांगितलं. स्वयंपाकघरातल्या जाळीतून मला तुझं सगळं ऐकू येतं."

रीसचे कान लाल झाले. "माझं गाणंसुद्धा?"

"गाणंसुद्धा."

तो म्हणाला, "लॉर्नने मुलाखतीत मलाही विचारलं होतं, धडक का टाळतोस. एजंट म्हणाला होता, तुझाच खांदा दुखावलाय असं सांग."

"मग?"

"मीही ओवेनचंच सांगितलं."

माझा भाऊ गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेली ती बाई हमसून हमसून रडायला लागली, आणि रडता रडताच उशी उचलून तिने त्या धिप्पाड पोराच्या पाठीत घातली.

"अरे गाढवा, दोघांपैकी एकाने तरी खोटं बोलायचं ना!"